शर्यत बंद करा म्हणावं का?

तायांनो, वहिनींनो, आणि धारा काढता काढता गोठ्यात रेडिओ लावून बसलेल्या मावश्यांनो. आम्ही माळशिरस तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. आज हप्ता, वसुली, वही हे काही काढणार नाही. आज बोलायचंय बैलगाडी शर्यतीवर. बायकांना त्यातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, शर्यतीच्या खोंडाला पहाटे उठून उडदाचा भरडा कोण शिजवतं?

गटाच्या बैठकीत हा विषय दरवर्षी निघतो. चैत्र लागला, गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या, की निघतोच. कुणाचा तरी दीर, कुणाचा तरी पोरगा छकडीवरून पडलेला असतो. मग एखादी चिडून म्हणते, सरकारनं हे कायमचं बंदच का करत नाही? दुसरी लगेच म्हणते, बंद केलं होतं की, काय झालं?

काय झालं ते आधी सांगतो. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतली जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. २०१७ मध्ये आपल्या राज्यानं कायदा बदलून शर्यतीला वाट करून दिली, पण तो त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात अडला. पुढं १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे योग्य ठरवले. म्हणजे आज शर्यत कायदेशीर आहे, पण नियम पाळले तरच.

बंदीच्या त्या सात वर्षांत शर्यती थांबल्या होत्या का? तुम्हीच आठवा. फाटी गावाजवळून उठली आणि माळावर गेली. पत्रिका छापायच्या बंद झाल्या, निरोप मोबाईलवर फिरू लागला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या आटपाडी तालुक्यात, झरे गावच्या परिसरात, एवढा पोलीस बंदोबस्त असताना पहाटेच शर्यत उरकली, हे सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. चोरून होणाऱ्या शर्यतीत रुग्णवाहिका नसते, दोर बांधलेला नसतो, पंच कोण ते कळत नाही. आणि माणूस पडला तर दवाखान्यात काय सांगायचं? मोटरसायकलवरून पडला म्हणून सांगायचं.

या खोट्याची किंमत बाईला मोजावी लागते, आणि ती रुपयांत मोजता येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आपल्या बहुतेक जणींना माहीत आहे. वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात, १८ ते ७० वयाच्या माणसाचा अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख मिळतात. पण दावा करायला पोलिसांची नोंद लागते, शवविच्छेदनाचा कागद लागतो. बेकायदा शर्यतीतला अपघात गावच मिळून दाबतं. नोंदच नाही म्हटल्यावर विमा कसला? आणि नोंद मोटरसायकलची, मार मात्र बैलाच्या खुराचा, असा कागद पुढं सरकत नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईच्या बाबतीत हेच झालं. नवरा वाचला, पण कमरेतून गेला. आज ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते आणि घरी येऊन त्याला उचलून बसवते. ज्यांनी त्या दिवशी तोंड बंद ठेवायला सांगितलं, त्यांच्यापैकी एकही उंबऱ्यापाशी आला नाही.

म्हणून बंदी हवी असं आम्ही म्हणत नाही. पण जसं चाललंय तसं चालू द्या, असंही म्हणत नाही.

कोर्टात इतकी वर्षं वाद चालला तो मुख्यतः बैलाचा. कायदाच मुळात प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून १९६० साली झालेला. बैलाची बाजू मांडायला माणसं उभी राहिली हे चांगलंच झालं. शेपटी चावणं, खिळे टोचणं, बॅटरीचा शॉक देणं, हे कुणाला बघवतं? पण चाकाखाली सापडणारा माणूस आणि त्याच्या घरातली बाई, यांचं म्हणणं त्या वादात फारसं आलं नाही.

आता मुंबईकडं बघा. तिकडं दहीहंडीत थर कोसळून पोरं जायबंदी व्हायला लागली. तेव्हा २०१७ मध्ये उच्च न्यायालयात ठरलं की १४ वर्षांखालचं मूल थरावर चढवायचं नाही. २०२२ मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदा दगावला तर घरच्यांना १० लाख रुपये जाहीर केले. गोविंदाला मिळालं याचा आम्हाला आनंद आहे. पण मग छकडीवर उभा राहणारा आपला पोरगा काय कमी साहस करतो? त्याच्या पायाखाली तर थरसुद्धा नसतो, नुसती फळी असते.

आमच्यातल्या एकीनं बैठकीत एक प्रश्न विचारला, तो आम्हाला पटला. ती म्हणाली, शिंगणापूरच्या यात्रेत मुंगी घाटातून कावड वर नेतात, तेही जिवावरचंच काम. ते का नाही कुणी बंद करा म्हणत? आम्ही खूप वेळ यावर बोललो. कावडीला हात लावणारा स्वतःच्या जिवावर चढतो, एकमेकांचे हात धरून चढतो. शर्यतीत मात्र बैलाला कुणी विचारत नाही आणि फाटीच्या कडेला उभ्या असलेल्या पोरालाही विचारत नाही. गाडी बाहेर फुटली की ती गर्दीतच घुसते. स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्याला समजवावं. दुसऱ्याचा घालणाऱ्याला अडवावं, आणि ते सरकारचंच काम आहे.

नियम तसे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांकडं आधी अर्ज, ५० हजार रुपये अनामत, धाव १००० मीटरपेक्षा जास्त नाही, डॉक्टरनं बैल तपासायचा, काठी-चाबूक-शॉक काही नाही, सगळ्या शर्यतीचं चित्रीकरण करून ते सरकारला द्यायचं. मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. वाचायला छान वाटतं. फाटीवर गेलं की त्यातलं निम्मं दिसत नाही, आणि बक्षिसाला चारचाकी गाडी लावली की उरलेलं निम्मंही उडून जातं. गाडी जिंकायची म्हटल्यावर कोण बैलाकडं बघतं आणि कोण माणसाकडं?

खिलार जनावर टिकलं पाहिजे हे आम्हालाही वाटतं. माणदेश, सांगोला, आपला माळशिरस, ही खिलारची भूमी. ट्रॅक्टर आल्यावर औताला बैल राहिला नाही, बंदीच्या काळात खोंडाला गिऱ्हाईक मिळेना, हे आपण बघितलंय. चांगल्या खोंडाला लाखांत भाव येतो, तो शर्यतीमुळंच. पण लाखांत घ्यायला पैसा कुठून येतो? गेल्या साली एका गटात म्हशीसाठी कर्जाचा अर्ज आला. चौकशीला गेलो तर दावणीला म्हशीची जागाच नव्हती. खोंड मात्र होतं, खारीक-बदाम खाणारं, आणि घरची दोन लिटर धार डेअरीत न जाता त्याच्या पोटात. ताईनं खाली मान घालून सांगितलं, मालकांनी सांगितलं म्हणून अर्ज केला. गटानं कर्ज दिलं नाही. मालक आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत, ते चालतं. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईनं भरायचा, आणि बक्षिसाचा फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर, हा हिशोब कुठल्याच वहीत बसत नाही.

आपल्याला करण्यासारखं आहे ते सांगतो. गावात शर्यत ठरली की परवानगीचा कागद ग्रामपंचायतीत मागून बघा. नसेल तर यात्रा कमिटीला विचारा. फाटीच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी अडथळे, रुग्णवाहिका जागेवर, १८ वर्षांखालचा पोरगा छकडीवर नको, आणि गाडी हाकणाऱ्याचा व बघणाऱ्यांचा विमा आयोजकांनी काढायचा, एवढ्या चार गोष्टी ग्रामसंघाच्या लेटरपॅडवर लिहून द्या आणि पोच घ्या. घरातल्या माणसाचा २० रुपयांचा विमा चालू आहे का, ते बँकेच्या पासबुकात बघा. तो दरवर्षी १ जूनला नव्यानं सुरू होतो, खात्यात पैसे नसले की गुपचूप बंद पडतो.

यात्रा कमिटीची बैठक बहुतेक गावांत पाडव्याच्या आधी बसते. ती पुरुषांची असते म्हणतात. पण वर्गणी चुलीमागं घेतात, आणि चूल कुणाची ते सांगायला नको. जाताना पावती बरोबर घेऊन जा.