म्हातारं मांजर

अंगणात वाढलेलं मांजर दहा-बारा वर्षांचं झालं की भिंतीवर उडी मारायचं टाळतं, अंग चाटत नाही, पाठीवरचे केस गुंतून राहतात. वय झालं म्हणून सोडून देऊ नका. मांजर दुखणं लपवतं. पाणी फार प्यायला लागलं, वजन उतरलं, तर मूत्रपिंडं थकलेली असू शकतात. पशुवैद्याकडून रक्त-लघवी तपासून घ्या. पंजे उचलून बघा, न झिजलेली नखं वळून मऊ तळव्यात रुततात. पावसाळ्यात जिन्याखाली कोरडं खोकं, त्यात जुनी गोधडी, पाणी जवळच ठेवा. आणि कृपा करून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर सरळ दवाखाना गाठा.