सौर पॅनेल : उष्णतेची नव्हे, प्रकाशाची वीज



सौर ऊर्जेवरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना अनेक परीक्षार्थी योजनांची नावे, वर्षे व उद्दिष्टे अचूक देतात. परंतु 'पॅनेल सूर्याच्या उष्णतेपासून वीज तयार करते' असे एक वाक्य सहज लिहून जातात. हे विधान चुकीचे आहे. उष्णतेचा उपयोग पाणी तापवणाऱ्या सौर बंबात होतो. पॅनेल मात्र प्रकाशावर चालते. हा भेद ध्यानात आला, तर या क्षेत्रातील धोरणांची कारणेही उलगडतात.

प्रकाशामुळे विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवले. प्रकाशाची ऊर्जा कणरूपाने वावरते, ही मांडणी आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये केली. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी सिलिकॉनचा व्यवहार्य सौर घट तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. १९७५ मध्ये अवकाशात गेलेल्या आपल्या 'आर्यभट' उपग्रहालाही सौर घटांनीच वीज पुरवली.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया पाहू. सिलिकॉन हा अर्धवाहक असून त्याच्या अणूच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. त्याच्या एका थरात फॉस्फरसचे अत्यल्प मिश्रण केले की मुक्त इलेक्ट्रॉन वाढतात. दुसऱ्या थरात बोरॉन मिसळले की इलेक्ट्रॉनची उणीव, म्हणजेच 'होल' निर्माण होतात. हे थर जेथे भेटतात त्या संधीपाशी काही इलेक्ट्रॉन पलीकडे जातात आणि तेथे एक कायमचे विद्युतक्षेत्र तयार होते. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण सिलिकॉनवर पडला, की एक इलेक्ट्रॉन बंधातून सुटतो व त्याच्या जागी होल उरते. विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला एका बाजूस आणि होलला विरुद्ध बाजूस ढकलते. दोन्ही बाजू तारेने जोडल्या, की इलेक्ट्रॉन बाहेरच्या मार्गाने वाहू लागतात. हीच वीज. एका घटाचे विभवांतर जेमतेम अर्धा व्होल्ट असते. म्हणून पॅनेलमध्ये अनेक घट एकसर जोडतात. मिळणारा प्रवाह दिष्ट असतो. घरगुती वापरासाठी इन्व्हर्टर त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो.

सर्वच प्रकाश कामी येत नाही. कमी ऊर्जेचे प्रकाशकण इलेक्ट्रॉन सोडवू शकत नाहीत. अधिक ऊर्जेच्या कणांची जादा ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्यामुळे एका संधीच्या सिलिकॉन घटाची कार्यक्षमता तत्त्वतःही एक तृतीयांशाच्या आतच राहते. बाजारातील पॅनेलची कार्यक्षमता साधारण २० टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय घट तापला की विभवांतर घटते. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजली जाते. त्यापुढे दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन कमी होते. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर ही घट १२ ते १६ टक्के होते. म्हणूनच लडाखचे थंड हवामान व निरभ्र आकाश पॅनेलला मानवते.

या मर्यादांतूनच धोरणाचे प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न जमिनीचा. प्रखर उन्हातही एक चौरस मीटर पॅनेल सुमारे २०० वॅटच देते, म्हणून मोठ्या प्रकल्पांना विस्तीर्ण जागा लागते. राजस्थानातील २,२४५ मेगावॅटच्या भडला सौर उद्यानास वाळवंटातील जमीन मिळाली. तेथे धुळीशी सामना आहे आणि सफाईस पाणी दुर्मीळ आहे. कर्नाटकातील पावगडा येथे शेतकऱ्यांच्या जमिनी भाडेपट्ट्याने घेण्यात आल्या. छपरांचा उपयोग केला तर जमिनीवरील ताण कमी होतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रधानमंत्री सूर्य घर : मोफत वीज योजने'त एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. एक किलोवॅटचे पॅनेल चोवीस तास चालले असते, तर २४ युनिट वीज मिळाली असती. प्रत्यक्षात दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास मिळते. संध्याकाळी मागणी वाढते, तेव्हा उत्पादन थांबलेले असते. म्हणून बॅटरी व उदंचन जलविद्युत प्रकल्प यांसारख्या साठवणुकीला महत्त्व आहे. जानेवारी २०२५ मध्ये देशाची स्थापित सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. मात्र स्थापित क्षमता म्हणजे तेवढी वीज नव्हे, हे उत्तरात आवर्जून लिहा.

तिसरा प्रश्न स्वावलंबनाचा. ऊन आपले असले तरी शुद्ध सिलिकॉन व त्याच्या पातळ चकत्या यांचे जागतिक उत्पादन प्रामुख्याने चीनमध्ये होते. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत २०२१ पासून सौर पॅनेलचा समावेश झाला, तो याच कारणाने.

तेव्हा मित्रहो, सौर ऊर्जेवर लिहिताना आरंभ त्या लहानशा घटापासून करा. जमीन, साठवणूक आणि देशी उत्पादन हे तिन्ही मुद्दे त्याच्याच गुणधर्मांतून निघतात. ते पाठ करावे लागणार नाहीत.