साखर माहेरची नाही, सासरचीही नाही

(सामुदायिक रेडिओवरील आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)

रेडिओ जरा मोठा करा, आणि घरात सासूबाई असतील तर त्यांनाही जवळ बोलवा. आजचं बोलणं सुनेइतकंच सासूसाठी आहे, आणि घरधन्यासाठीही.

मागे एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. एक बाई कोपऱ्यात गप्प बसलेली. हप्ता भरला, सही केली आणि उठायला लागली. शेजारणीनं हात धरला तसं तिला रडू फुटलं. तिच्या नऊ वर्षांच्या पोराला शुगर निघाली होती. रोज इन्सुलिनच्या सुया. पण सुईपेक्षा जास्त टोचत होतं ते घरातलं बोलणं. "आमच्या सात पिढ्यांत कुणाला साखर नव्हती. ही माहेरून घेऊन आली." पुरावा काय, तर तिच्या वडिलांना म्हातारपणी शुगर झाली होती.

सख्यांनो, हा पुरावा टिकत नाही. का टिकत नाही, ते आज समजून घेऊ.

पहिली गोष्ट. शुगर या एका नावाखाली दोन वेगळे आजार आहेत. आजोबांना होते ती बहुतेक टाइप २. त्यात शरीरात इन्सुलिन असतं, पण ते पुरं पडत नाही किंवा नीट लागू होत नाही. लहान मुलांना होते ती बहुतेक टाइप १. त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होत जातात. दोन्ही आजारांमागची जनुकं मोठ्या प्रमाणात वेगळी आहेत. म्हणून आजोबांची शुगर नातवाला 'आली' असं म्हणता येत नाही.

मग या पेशी नष्ट कोण करतं? आपलंच शरीर. ज्वारी हुरड्यात आली की आपण राखणदार ठेवतो. त्यानं पाखरं हाकलायची. पण त्याची ओळख चुकली आणि तो आपलीच कणसं मोडायला लागला तर? तसंच होतं. शरीरात रोगजंतूंशी लढणारी राखण असते. टाइप १ मध्ये ही राखण स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशींना शत्रू समजते आणि मारत सुटते. हे महिनोन् महिने, कधी काही वर्षं आतल्या आत चालतं. बाहेर दिसतं तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

राखणदारानं कुणाला आपलं म्हणायचं आणि कुणाला परकं, हे ठरवण्यात काही जनुकांचा मोठा वाटा असतो. जनुक म्हणजे बियाण्यातला गुण समजा. या जनुकांच्या गटाला एचएलए म्हणतात. टाइप १ चा जो धोका जनुकांतून येतो, त्यातला जवळपास निम्मा या एका गटातून येतो. बाकीचा पन्नासहून जास्त ठिकाणी थोडा थोडा विखुरलेला असतो.

आता नीट ऐका. या गटाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. धोका वाढवणाऱ्या दोन प्रमुख प्रकारांना डीआर ३ आणि डीआर ४ म्हणतात. आपल्या देशातल्या टाइप १ च्या मुलांत डीआर ३ विशेष आढळतो. एक प्रकार आईकडून आणि दुसरा वडिलांकडून आला, तर त्या मुलाचा धोका सगळ्यात जास्त. आणि आईबाप? दोघंही जन्मभर ठणठणीत असू शकतात. मग बोट दाखवायचं कुणाकडं? माहेराकडं की सासराकडं?

बरं, जनुक मिळालं म्हणजे आजार झालाच, असंही नाही. बी पेरलं तरी वापसा नसेल तर उगवत नाही. धोक्याचे हे दोन्ही प्रकार असलेल्या शंभर मुलांतल्या साधारण पाचांनाच लहानपणी हा आजार होतो. एकाच नाळेची, हुबेहूब जुळी भावंडं घ्या. दोघांचं बियाणं एकच. तरी एकाला टाइप १ झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण शंभरात ३० ते ५० एवढंच. मग उगवायला निमित्त काय होतं? काही विषाणूंचा संसर्ग निमित्त होत असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. पण गोड खाल्ल्यानं टाइप १ होत नाही. लस टोचल्यानं होत नाही. पोटुशी असताना आईनं काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, यानंही होत नाही.

परदेशात मोठमोठे अभ्यास झालेत, त्यातले आकडे सांगते. वडिलांना टाइप १ असेल तर शंभर मुलांतल्या साधारण पाच-सहांना होतो. आईला असेल तर दोन-तीनांना. म्हणजे आईकडून येण्याचा संभव उलट कमी! आणि ज्या मुलांना टाइप १ होतो, त्यांतल्या दहापैकी आठ-नऊ जणांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो. "सात पिढ्यांत नव्हता" हे खरंच असतं. पण त्यावरून कुणाचा दोष सिद्ध होत नाही.

तुम्ही म्हणाल, हे परदेशातलं झालं, आपल्या माणसांचं काय? हा अभ्यास आपल्या पुण्यात झालाय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडचं एक्झिटर विद्यापीठ यांनी मिळून तो केला. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. टाइप १ असलेले २६२, टाइप २ असलेले ३५२ आणि मधुमेह नसलेले ३३४ लोक त्यात होते. युरोपातल्या लोकांवरून जनुकांचं एक मोजमाप तयार झालं होतं. ते आपल्या लोकांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला उपयोगी पडतं, असं दिसलं. मात्र काही जनुकांचं वजन आपल्याकडं वेगळं आहे, हेही कळलं.

याचा आपल्याला काय उपयोग? आपल्याकडं सडपातळ माणसालाही, तरुण वयातही टाइप २ होतो. त्यामुळं पंचविशीतल्या बारीक अंगाच्या पोराला शुगर निघाली की कोणती, हे ठरवणं डॉक्टरांनाही अवघड जातं. टाइप १ च्या माणसाला नुसत्या गोळ्यांवर ठेवलं तर जिवावर बेततं. टाइप २ च्या माणसाला कधी उगाच जन्मभर सुया टोचाव्या लागतात. नेमकं निदान व्हावं, यासाठी ही खटपट आहे. 'दोष कुणाच्या घराण्यात' हे शोधायला ती नाही.

आता कामाच्या गोष्टी. या लक्षात ठेवा, शेजारणीलाही सांगा.

मूल सारखं लघवीला जातंय. रात्री अंथरूण ओलं करायचं बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालं. लघवीच्या जागी मुंग्या लागतात. तांब्यामागून तांब्या पाणी पितंय. खातंय, तरी वाळत चाललंय, दमतंय. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी बोट टोचून साखर तपासून घ्या. आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात जा. थेंबभर रक्त आणि मिनिटभराचं काम. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी, ही लक्षणं असतील तर १०८ ला फोन करा. तिथं पोचल्यावर "पोराची साखर बघा" असं तुम्हीच सांगा. बाहेरचं झालंय म्हणून अंगारा लावण्यात गेलेली एक रात्रसुद्धा महाग पडते.

पाठच्या भावंडाची रोज रोज धास्ती घेऊ नका. शंभर भावंडांतल्या साधारण पाच-सहांना होतो, बाकीच्यांना नाही. मात्र वरची लक्षणं त्याच्यात दिसली तर तासाचाही उशीर नको.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि त्याला शुगर निघाली, तर ती बहुधा टाइप १ नसते. एखाद्याच जनुकातल्या बदलानं ती झालेली असते. तिथं जनुकांची तपासणी करायलाच हवी, डॉक्टरांकडं तसा आग्रह धरा. कारण अशांतल्या काही बाळांच्या सुया सुटून गोळ्यांवर भागतं.

मामाच्या पोरीशी लग्न केलं म्हणून झालं का, असं पुष्कळ जणी विचारतात. नात्यातल्या लग्नानं एका जनुकाचे काही आजार वाढतात, हे खरं. टाइप १ मात्र अनेक जनुकांचा मेळ आहे. तुमच्या लेकराला तो नात्यातल्या लग्नामुळंच झाला, असं कुणी सांगू शकत नाही.

आणि मुलींचं. टाइप १ असलेली मुलगी शिकते, नोकरी करते, लग्न करते. साखर आटोक्यात ठेवून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईही होते. तिच्या शंभर लेकरांतल्या सत्त्याण्णवांना हा आजार होत नाही. मग तो लपवून लग्न कशाला लावायचं, आणि सांगितला तर सोयरीक मोडायची कशाला?

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. इन्सुलिन बंद करू नका. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, कुणाचा झाडपाला, काहीही दिलं तरी इन्सुलिनची जागा ते घेत नाही. मूल आजारी आहे, जेवत नाही, तरीही सुई आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात बाटली झाकणाच्या डबीत घालून गार माठात ठेवा, बर्फात नको. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटो शहरात लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी लेकरं फार दिवस जगत नसत. तो मुलगा त्यानंतर १३ वर्षं जगला. आज तर मुलं शिकून मोठी होतात, आपापल्या लेकरांना वाढवतात. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरची 'उडान' ही संस्था अशाच मुलांसाठी काम करते.

त्या बैठकीतल्या बाईला मी एवढंच म्हणाले, "बाई, तू काही आणलं नाहीस. तुम्ही दोघांनी मिळून पोर आणलंय, दोघांनी मिळून सांभाळा." पुढच्या बैठकीला ती आली, तेव्हा सासूबाई सोबत होत्या. सुई कशी टोचायची, ते त्यांनाही शिकायचं होतं.

तुमच्या गटात असं घर असेल तर पुढच्या बैठकीत पहिली पाच मिनिटं याच विषयाला द्या. हप्ता नंतर गोळा केला तरी चालेल.