मोटरवरचा आळ

१९९७ साली जपानमध्ये टोयोटाची ‘प्रियस’ विक्रीस आली आणि पेट्रोलचे इंजिन व विजेची मोटर यांचा एकत्र संसार रस्त्यावर दिसू लागला. आज अशा हायब्रिड गाड्या आपल्याकडेही धावतात. तिच्यातील बिघाडाचा दिवा लागला, की ‘मोटरच बदला’ असा सल्ला चटकन मिळतो. तो मानण्यापूर्वी थोडी चौकशी करणे हिताचे असते.

कारण मोटर एकटी नसते. बॅटरीतील एकदिश विजेचे इन्व्हर्टर त्रिकला विजेत रूपांतर करतो. ती तीन केबलींतून मोटरच्या तीन वेटोळ्यांत जाते. आणि मोटरचा फिरता भाग कोणत्या कोनात आहे, याची वर्दी रिझॉल्व्हर नावाचा संवेदक देत राहतो. यांपैकी कोणीही चुकले, तरी गाडी अडखळते आणि आळ मोटरवर येतो.

तपासणीपूर्वी एक पथ्य पाळावे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॅटरीचा २०१.६ व्होल्टचा दाब ५०० व्होल्टपर्यंत वाढविला जातो. तेव्हा नारिंगी केबलीला हात लावण्यापूर्वी गाडी बंद करावी, विद्युत्-रोधक हातमोजे घालावेत, सर्व्हिस प्लग काढून स्वतःजवळ ठेवावा, कपॅसिटरमधील विजेचा साठा ओसरेपर्यंत निर्मात्याने सांगितलेली मिनिटे थांबावे आणि दाब शून्य झाल्याची मीटरने खात्री करून घ्यावी. घाई येथे प्राणावर बेतते.

गाडीच्या संगणकातील दोषांक गाव सांगतो. घर आपण शोधायचे असते. प्रथम सैल किंवा जळका जोड पाहावा. नंतर केबली इन्व्हर्टरपासून सोडवून वेटोळ्यांचा रोध दोन-दोन टोकांत मोजावा. तो ओहमच्या हजारांशांत असल्याने त्यासाठी खास मीटर लागतो. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. ताराकृती जोडणीत दोन मापनांत मार्ग खंडित आढळला, तर त्या दोहोंत समाईक असलेले वेटोळे तुटले आहे, असे समजावे. आकड्यांत तफावत असेल, तर वेढे आपसांत भिडल्याचा संशय घ्यावा.

शेवटी वेटोळे व मोटरचे कवच यांमधील रोध मेगरने पाहावा. तो मेगओहमांत हवा. उच्च दाबाचे मंडल गाडीच्या सांगाड्यापासून मुद्दाम अलग राखलेले असते. म्हणून येथील गळती क्षुल्लक मानू नये.

ही सारी मापने निर्दोष आली, तर रिझॉल्व्हर व इन्व्हर्टर यांच्याकडे वळावे. चार मोजमापांचे कष्ट घेतल्यास गाडीच्या मालकाचा मोठा खर्च वाचू शकतो, आणि क्रम पाळल्यास कारागीरही सुखरूप घरी जातो.