मंदिराचे आवार आणि भेरली माड



उत्सवात मंडप सजवायला कोकणात भेरली माडाची पाने लागतात. पण हा माड आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येतो. पहिला घोस शेंड्याकडे लागतो, नंतरचे क्रमाने खाली. काही वर्षांत सर्वांत खालची फळे पिकली की झाड मरते. बुंध्याला फुटवाही येत नाही.

म्हणून पहिला घोस दिसताच आवारात नवे रोप लावावे. फळाचा गर अंगाला खाजतो. हात झाकून बी काढावे. बी ताजेच पेरावे. रुजायला काही महिने लागतात. लहान रोपास उन्हाळ्यात सावली व पाणी द्यावे. पाने तोडताना शेंड्याचा कोंब राखावा. तो गेला की माड गेला.

जीर्णोद्धार दगडाचा झाला, तसा झाडांचाही व्हावा, हीच विनंती.