सरकारचा जमाखर्च



मार्च महिना आला, म्हणजे एक शब्द पुन्हा पुन्हा कानी पडतो. तो शब्द म्हणजे अर्थसंकल्प. कोणी त्याला अंदाजपत्रक म्हणते, कोणी बजेट म्हणते. शब्द मोठा आणि त्यातले आकडे त्याहून मोठे. मग आपण म्हणतो, "हे शिकलेल्यांचं काम. आपल्याला काय त्याचं?" आम्हांला हे पटत नाही. हा जमाखर्च आपल्याच पैशाचा आहे. आता तुम्हांला अक्षरे येतात, अंक येतात. तेव्हा हा हिशेब आपण मिळून वाचू.

मृग लागायच्या आधी शेतकरी मनाशी मांडणी करतो. बियाण्याला इतके लागतील, खताला इतके, पोरीच्या लग्नाला इतके. रास इतकी होईल, भाव इतका मिळेल. हा झाला त्याचा अंदाज. राज्य सरकारही असेच करते. त्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते व ३१ मार्चला संपते. येत्या वर्षी जमा किती होईल व खर्च किती करावा लागेल, हे अर्थमंत्री विधानसभेत वाचून दाखवतात. आमदारांनी मंजुरी दिल्यावाचून तिजोरीतला पैसा खर्च करता येत नाही. घटनेनेच तसे बंधन घातले आहे. घरातल्या कणगीला हात लावायचा, तर वडीलधाऱ्यांना विचारावे लागते, तसेच हे.

बरे, तिजोरीत पैसा येतो कोठून? पुष्कळांना वाटते, कर भरतात ते शहरातले श्रीमंत. आपण कुठं कर भरतो? तर पाहा. दुकानातून अंगाच्या साबणाची वडी आणली, की तिच्या किमतीत कर आला. हा वस्तू व सेवा कर. १ जुलै २०१७ पासून तो देशभर सुरू झाला. त्यातला निम्मा दिल्लीला जातो, निम्मा आपल्या राज्याला. सप्टेंबर २०२५ मध्ये साबणावरचा कर शंभराला १८ रुपयांवरून ५ रुपयांवर आला. म्हणजे तोवर आपण साबणावर चांगलाच कर भरत होतो आणि आपल्याला पत्ताही नव्हता! मोटारसायकलीत पेट्रोल भरले, तर त्यात राज्याचा वेगळा कर असतो. जमिनीचे खरेदीखत केले, की मुद्रांक शुल्क पडते. दारूवरही मोठा कर आहे. पण तिजोरी भरायला कोणी पिऊ नये. तिजोरी भरते आणि पिणाऱ्याचे घर रिकामे होते.

पूर्वी राज्याची मोठी मिळकत म्हणजे शेतसारा. आज तो अगदी थोडा उरला आहे. दिल्लीला जे कर जमतात, त्यांतलाही वाटा राज्याला मिळतो.

आता खर्चाकडे वळू. मास्तरांचा पगार, पोलिसांचा पगार, दवाखान्यातली औषधे, निवृत्तांचे वेतन, रस्ते, धरणे हे सारे त्यात आले. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. उरलेले अर्धे कोण देते? एस.टी. महामंडळ पदरचे घालत नाही. ते पैसे राज्याची तिजोरी देते. म्हणजे जे फुकट दिसते, तेही कोणीतरी भरलेलेच असते.

एक जुनी गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. माणसे खडी फोडायला गेली, तळी व बांध घालायला गेली. मागेल त्याला काम द्यावे, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. पण नुसत्या कायद्याने मजुरी देता येते काय? त्यासाठी १९७५ सालीच व्यवसाय कराचा कायदा केलेला होता. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून हा कर कापला जाई, आणि त्यातून दुष्काळी गावातल्या मजुराला मजुरी मिळे. योजनेबरोबर तिच्या पैशांचीही सोय केलेली होती. आमच्या मते सरकारी हिशेबाचा याहून चांगला धडा शोधून सापडायचा नाही.

आता अवघड भागाकडे येऊ. तो म्हणजे तूट. १० मार्च २०२५ रोजी त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी रुपये. एवढी शून्ये लिहायला पाटी पुरायची नाही! म्हणून आपण शंभर रुपयांचा हिशेब धरू. पगार, व्याज, निवृत्तिवेतन, योजना हा झाला रोजचा खर्च. या खर्चासाठी शंभर रुपये लागणार होते, आणि जमा होणार होते ९२. आठ रुपये कमी पडत होते. याला महसुली तूट म्हणतात. खऱ्या आकड्यांत ती सुमारे ४६ हजार कोटी रुपये होती. रस्ते, धरणे, इमारती यांचा खर्च आणखी वेगळा. तोही धरला, की सारी तूट १ लाख ३६ हजार कोटींवर जात होती. ही तूट भरून काढायला कर्ज घ्यावे लागते.

"सरकार कर्ज काढतं? मग बुडालंच की!" असे कोणी म्हणेल. तसे नाही. विहीर खोदायला आपणही कर्ज काढतो. विहिरीला पाणी लागले, की पीक येते आणि कर्ज फिटते. पण बारशाच्या जेवणासाठी काढलेले कर्ज कशातून फेडणार? जेवण संपते, व्याज मागे राहते. आता वरचे दोन आकडे शेजारी ठेवा. १३६ मध्ये ४६. म्हणजे कर्जाच्या दर तीन रुपयांतले दोन विहिरीला गेले, आणि एक रुपया चुलीला गेला.

एका वर्षी असे झाले, तर निभते. राज्यात वर्षभरात जे पिकते व तयार होते, त्याच्या शंभराला तीनच्या आत तूट ठेवावी अशी मर्यादा आहे, आणि २०२५-२६ ची तूट त्या मर्यादेत मांडली होती. पण कर्ज साठत जाते. मार्च २०२६ अखेर ते ९ लाख ३२ हजार कोटींपर्यंत जाईल असा अंदाज होता. जमेच्या शंभर रुपयांतले दहाहून अधिक रुपये नुसत्या व्याजात जाणार होते. तेवढ्या पैशात किती शाळांच्या खोल्या झाल्या असत्या!

लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये २०२४ साली सुरू झाले. २०२५-२६ साठी या योजनेला ३६ हजार कोटी रुपये ठेवले होते. या पैशांतून घरात औषध आले, पोरांची वही आली. बाईच्या हाती तिचे स्वतःचे पैसे आले. याला आम्ही वाईट म्हणणार नाही. पण ज्या बहिणीला पैसे मिळतात, तिनेच विचारावे, "दादा, हे जमेतून देता, की उसने काढून?" उसने काढून देत असतील, तर फेड तिच्याच मुलाबाळांकडे येईल.

आणखी एक खूण ध्यानात ठेवा. मांडलेला आकडा हा अंदाज असतो. वर्ष सरताना सुधारित अंदाज येतो. त्यानंतर खरा जमाखर्च छापला जातो. तिन्ही आकडे ताडून पाहावेत. रस्त्याला पैसे ठेवले असे भाषणात ऐकले, म्हणजे रस्ता झाला असे नव्हे. पैसे मंजूर व्हावे लागतात, मग सुटावे लागतात, मग गावापर्यंत पोचावे लागतात. आणि ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली तरतूद बहुधा रद्द होते. मार्चअखेर कचेऱ्यांत दिवे उशिरापर्यंत जळतात, ते याचसाठी.

तेव्हा तुमच्या शाळेच्या खोलीला पैसे मंजूर झाल्याचे कळले असेल, तर कागद मागून घ्या, आकडा स्वतः वाचा. ग्रामसभा वर्षातून चार वेळा तरी भरते. डिसेंबर सरायच्या आत तिथे उभे राहून विचारा. एप्रिलात गेलात, तर कारकून नवी वही उघडून बसलेला असतो.