वर्गातला सोबती

आमच्या नाशिकच्या एका कॉलेजातली मुलं पांडवलेण्यांच्या सहलीला निघाली. वर्गात कुबड्या घेऊन चालणारी एक मुलगी होती. त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या तिला कशा झेपणार, म्हणून मुलांनी तिला सहलीचं कळवलंच नाही. मनात वाईट काही नव्हतं; उलट, तिला वाईट वाटू नये म्हणून! ती वेळेवर वर्गात आली, तर बाकं रिकामी. मला म्हणाली, "सर, मी पायथ्याशी बसून डबा खाल्ला असता. पण विचारायचं तरी." यादीवर मी न वाचता सही केली होती.

आपली मुलं निर्दय नाहीत. वर्गात अंध मुलगा आला, की पहिले आठ दिवस त्याचा हात धरायला चढाओढ लागते. पण हात धरायचा कसा, हेही त्यालाच विचारावं, बरं का! मागून ढकलायचं नसतं. आपलं कोपर त्याच्या हाती देऊन अर्धं पाऊल पुढं चालायचं, पायरी आली की सांगायचं. आम्हां मास्तरांचीही तीच गत. फळ्याकडे बोट करून "हे असं, इथून तिथं" म्हणतो. त्यानं काय समजावं?

खरा कस परीक्षेत लागतो. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान 20 मिनिटं अधिक मिळतात. तीन तासांच्या पेपराला एक तास. लगेच कुजबुज, "त्याची मजा आहे!" अहो, प्रश्न ऐकायचा, उत्तर मनात जुळवायचं, दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचं, एखादं नाव अडलं तर अक्षर न् अक्षर सांगायचं, पुन्हा वाचून घ्यायचं. तो तास त्यातच जातो. 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार 7 चे 21 केले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखल्या. मधल्या सुट्टीत डब्याला कुणी बोलवायचं, ते त्यात नाही.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील दृष्टिहीन असून 2017 च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत 124 व्या आल्या. कौतुकाचीच गोष्ट. पण प्रत्येक अंध मुलानं कलेक्टर व्हावं कशाला? बेताचे गुण मिळवून पास होण्याची मुभा त्यालाही असावी.

पुढच्या वर्षी मुलांनी त्या मुलीला विचारलं. तिनं पुन्हा पांडवलेणीच सांगितली. निम्म्या पायऱ्या चढून बसली; दोघी मैत्रिणी तिच्यापाशी गप्पा मारत राहिल्या. लेणी त्यांचीही राहून गेली, याबद्दलची त्यांची कुरकुर परतीच्या एसटीत मी ऐकली. ती तिघी मिळून करीत होत्या.